‘नशिबावर भरवसा’ म्हणून नाही हो!

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या) स्थलांतरित बायका कॅन्सरची तपासणी करत नाहीत कारण ‘त्यांचा सगळा भरवसा नशिबावर’, असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. भीती असते, कुणाला नसते, पण मोठी अडचण इन्शुरन्सची आहे. १९९६ च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालं तरी बहुतेक प्रौढांना मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, ५ वर्षं थांबावं लागतं, आणि ज्यांच्याकडे तिथे राहण्याची कागदपत्रंच नाहीत त्यांना ओबामाकेअर कायद्याच्या मार्केटप्लेसवर (आरोग्य विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारात) स्वतःच्या पैशानेही पॉलिसी घेता येत नाही, मग मॅमोग्राम (स्तनाच्या कॅन्सरसाठीचा एक्स-रे) कुठून करायचा? त्यात पॅप टेस्टला (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला) गेलं की दिवसाची मजुरी बुडते. तिथल्या प्रोमोतोरा, म्हणजे साधारण आपल्या आशाताईंसारख्या त्याच वस्तीतल्या बाया, स्पॅनिशमधून समजावतात, अपॉइंटमेंट घेऊन देतात, तेव्हा ह्याच बायका तपासणीला जातात.