ते २५ पॉइंट कुठून आले: मानेतल्या मशीनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

अहो, रागावून का होईना, पण पूर्ण वाचून लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चार गोळ्या घेऊनही बाबांचं बीपी १७०-१८० च्या खाली येत नाही, मानेतल्या नसेला करंट देणारं मशीन हाच आता मार्ग उरलाय, ट्रायलमधे बीपी २५ ने उतरलं, अमेरिकेने २०१९ ला मान्यता दिली, आणि मी डॉक्टर नसताना 'घाई नको' लिहून लोकांची आशा मोडतोय.

डॉक्टर नाही, मान्य. आणि 'कुठेच परवानगी नाही' हे मी लिहिलेलं चुकलंच, युरोपात बीपीसाठी सीई मार्क (तिथे विकायची परवानगी) मिळालेला आहे, ती ओळ काढली. पण अमेरिकेची २०१९ ची मान्यता हार्ट फेल्युअरसाठी आहे. मशीन तेच, बॅरोस्टिम, आजार वेगळा.

आता ते २५. रिओस नावाच्या जुन्या मशीनची ट्रायल २०११ ला छापून आली, २६५ पेशंट, मशीन सगळ्यांनाच बसवलं पण साधारण एक तृतीयांश लोकांचं पहिले सहा महिने बंदच ठेवलं, आणि कुणाचं चालू कुणाचं बंद हे पेशंटला माहीत नाही. सहा महिन्यांनी चालूवाल्यांचं वरचं बीपी १६ ने उतरलं आणि बंदवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या छातीत नुसता डबा पडून होता त्यांचं, ९ ने! निदान १० पॉइंट उतरलेले लोक एकीकडे ५४ टक्के, दुसरीकडे ४६. तुम्ही म्हणताय ते २५ वर्षभरानंतरचं, तोवर सगळ्यांचं चालू केलेलं होतं, तुलनेला कुणी उरलंच नव्हतं. शिवाय ऑपरेशनच्या सुरक्षिततेचं ठरवलेलं टार्गेटही हुकलं, कारण तेव्हा मानेच्या दोन्ही बाजू उघडायला लागायच्या. नवीन मशीन, म्हणजे बॅरोस्टिम, एकाच बाजूला बसतं, त्यामुळे तो त्रास कमी, हे तुमचं बरोबर.

कल्पना भंपक आहे असं मी म्हटलेलंच नाही. गळ्यातली मोठी रक्तवाहिनी जिथे दुभागते तिथे ताण ओळखणारे सेन्सर असतात, तिथे करंट दिला की मेंदूला वाटतं प्रेशर फार वाढलंय आणि तो खाली आणतो. १९६० च्या दशकात माणसांवर करूनही झालंय, पुढे चांगल्या गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. बीपीसाठी किडनीच्या नसा जाळायच्या उपचाराचंही असंच झालं होतं, २०१४ मधे ५३५ लोकांवर खोट्या ऑपरेशनशी (म्हणजे नुसतं नाटक, उपचार नाही) तुलना केली तर फरक निघाला जेमतेम २ पॉइंटचा. मग त्यांनी तंत्र सुधारलं, पुन्हा खोट्या ऑपरेशनशी तुलना केली, तेव्हा कुठे २०२३ ला अमेरिकेत मान्यता मिळाली. मानेतल्या मशीनकडूनही माझी एवढीच मागणी आहे.

बंद डब्याने बीपी का उतरलं? एक कारण मला घरात दिसलंय. आईचं तीन गोळ्यांवर १७० असायचं, आम्ही चौथी सुरू करायच्या बेतात, आणि मग कळलं की एसटीने कुठे जायचं असलं की बाई लघवीची गोळी खातच नाही, आणि गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली दुखण्याची गोळी मात्र रोज, जिच्याने बीपी वाढतं. ट्रायलमधे शिरलं की सारखं बोलावणं, सारखं मोजणं, माणूस आपोआप गोळ्या वेळेवर घेतो. (आईला हे सगळं मी जगाला सांगतोय हे कळलं तर माझं काही खरं नाही.)

तर बाबांच्या चार गोळ्यांत लघवीची आहे का? स्पायरोनोलॅक्टोन कधी दिलंय का? २०१५ च्या पाथवे-२ ट्रायलमधे चौथी गोळी म्हणून तीच सगळ्यात भारी ठरली होती. पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. अल्डोस्टेरॉनची (बीपी वाढवणारं हार्मोन) रक्ततपासणी झालीये का, रात्री घोरतात का, दंड जाड असून छोटा पट्टा लावून बीपी मोजतात का, हेही विचारा. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे इथे टाका, आणि त्या दुखण्याच्या गोळीचं त्यांच्या उशाखाली बघा एकदा.