नॉर्मल मोड मागणारे काका

आज एका कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स कूपेच्या (दोन दारांच्या, बुटक्या छपराच्या गाडीच्या) टेस्ट ड्राइव्ह कार्यक्रमाहून आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे. गाडीबद्दल तक्रार नाही, गाडी छान आहे. राग त्या हसण्याचा आलाय. आणि हसणाऱ्यांत मीही होते.

झालं असं. आमच्या बॅचमध्ये एक काका होते. पाळी आली तेव्हा त्यांनी इन्स्ट्रक्टरला विचारलं, "एक फेरी नॉर्मल मोडमध्ये मारू का?" तो म्हणाला, "सर, भाजी आणायला निघालात का?" अख्खी रांग हसली. त्याने हात पुढे करून मोड परत स्पोर्टवर टाकला. विषय संपला.

दिवसभरात विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न होता तो.

स्पोर्ट मोडमध्ये होतं काय? इंजिनाची कमाल ताकद बहुतेक गाड्यांत तेवढीच राहते. बदलतो तो ॲक्सिलरेटरचं पेडल आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्यातला हिशेब. पाव पेडल दाबलं की नॉर्मलमध्ये थ्रॉटल जेवढा उघडेल, त्याहून बराच जास्त स्पोर्टमध्ये उघडतो. स्टिअरिंग जड होतं, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स खालचा गिअर धरून बसतो आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून फुगवून ऐकवतात. पाच मिनिटांच्या फेरीत माणूस हुरळून जातो. टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) खरं दुखणं, म्हणजे उशिरा लागणारी ओढ, मात्र नॉर्मलमध्ये नीट कळतं. मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर या, पेडल तळापर्यंत दाबा आणि मनात मोजा. एक, दोन... ओढ लागायला किती वेळ गेला? ऑटोमॅटिकमध्ये गिअर खाली पडेपर्यंत मोजायचं. घरी गाडी आली की रोजच्या ओव्हरटेकला हेच मोजलेले सेकंद तुमच्या नशिबी असतात. काकांना तेच बघायचं होतं. आम्ही हसलो.

बरं, काका काही नवखे नव्हते. सीट लावायला त्यांनी चांगली दोन मिनिटं घेतली आणि मागे कुरकुर सुरू झाली. पण तेच बरोबर होतं! पार्श्वभाग सीटच्या पाठीच्या कोपऱ्यात पूर्ण मागे सरकवायचा. ब्रेक (मॅन्युअल असेल तर क्लचही) तळापर्यंत दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हेल्मेट घातल्यावर छताशी मूठभर जागा हवी, आणि कूपेत छप्पर आधीच खाली असतं, म्हणून सीटची उंची हेल्मेट घालूनच ठरवायची. लोक सोफ्यावर लवंडल्यासारखे मागे रेलून बसतात. मग पूर्ण ब्रेकच्या वेळी अंग पुढे जातं, पाय ताठ होतो आणि पेडलवर जोर येतच नाही.

ब्रेकिंगच्या पट्ट्यावर तेच दिसलं. ताशी १०० वरून आखलेल्या बॉक्समध्ये थांबायचं होतं. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी साधारण १ जीने (गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोराने) थांबते असं धरलं तर १०० वरून सुमारे ३९ मीटर लागतात, ८० वरून २५, ६० वरून १४. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. शिवाय पाय पेडलवर जायला एक सेकंद लागला तर १०० ला आणखी २८ मीटर गेलेच. तरी बहुतेकांची गाडी बॉक्सच्या पलीकडे गेली. का? पेडल पायाखाली थरथरायला लागलं की लोक दचकून पाय सैल करतात. अहो, ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय! चाक लॉक व्हायला लागलं की ते ब्रेकचा दाब सोडतं, परत देतं, सेकंदाला कित्येकदा. तुम्ही फक्त गाडी उभी राहीपर्यंत दाबत राहायचं. काकांनी तसंच केलं. आमच्या बॅचमध्ये बॉक्सच्या आत थांबलेले ते एकटेच. तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आणि मग जे झालं ते पाहून मला ओरडावंसं वाटलं. प्रत्येक गाडी बॉक्सजवळ थांबली की फोटोवाला पुढे यायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, "ब्रेक दाबून ठेवा, इकडे बघा." तापलेल्या डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर) तापलेलं ब्रेकचं पॅड दाबून ठेवायचं? पॅडखालच्या जागी उष्णता अडकते, पॅडचं मटेरियल डिस्कवर तेवढ्याच ठिकाणी चिकटतं आणि पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग हादरायला लागतं. जोराचे ब्रेक मारले की एक सावकाश फेरी मारून डिस्क थंड करायची असते. उभी करताना हँडब्रेक लावू नये, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवावी. दिवसभर चाळीस माणसांना पोझ देणारी ती डेमो गाडी नंतर कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहेच.

दुपारच्या बॅचची गाडी हातात आली असेल तर पेडलकडे लक्ष द्या. पेडल कडक लागतंय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलंय. पेडलच स्पंजासारखं खाली जातंय, तर ब्रेक फ्लुइड (पेडलचा जोर ब्रेकपर्यंत नेणारा द्रव) उकळलंय. डीओटी ४ या दर्जाचं फ्लुइड ताजं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको. पण ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि पुरेसं पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, जोर कॅलिपरपर्यंत (पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही. असं जाणवलं तर पेडल दोनतीनदा पटपट मारा, दाब थोडा परत येतो, आणि सरळ आत या. इन्स्ट्रक्टर काहीही म्हणो.

कोनच्या (प्लास्टिकच्या शंकूंच्या) मांडणीत एक वेगळीच गंमत दिसली. लोक समोरच्या कोनकडे बघत होते, आणि नजर जिथे जाते तिथेच हात जातात. बघायचं पुढच्याच्या पुढच्या कोनकडे. घाबरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात आणि शेपूट बाहेर निघते. हे सांभाळतं कोण? ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून, इंजिनाचा जोर कमी करून. डॅशवरचा घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला म्हणजे त्या क्षणी गाडी ईएससीने वाचवली. आमच्यातल्या एकाचा तो दिवा एका फेरीत चार वेळा पेटला. बाहेर आल्यावर गडी म्हणतो, "काय कंट्रोल आहे बघितलंस!" हो रे बाबा, बघितला. तुझा नव्हता.

टायरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त काका गुडघ्यावर बसून साइडवॉल (टायरच्या बाजूवरचा मजकूर) वाचत होते. (तेव्हाही कुणीतरी खुसखुसलं.) साइज तर बघायचाच, पण तिथेच 'DOT' ने सुरू होणाऱ्या मालिकेतले शेवटचे चार आकडेही बघायचे. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. मुख्य प्रश्न असा, की डेमो गाडीवर जे टायर आहेत तेच ग्राहकाला मिळणार का? कूपेचं वागणं टायरवर केवढं ठरतं याचा दाखला टोयोटाची जीटी ८६. ती २०१२ साली आली तेव्हा प्रियसच्या (टोयोटाच्याच इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडच्या) जातीचे, फक्त २१५ मिमी रुंदीचे टायर तिला मुद्दाम दिले होते, पकड कमी ठेवून मागचं टोक कमी वेगातही खेळावं म्हणून. त्याच गाडीला चिकट रुंद टायर लावा, निम्मी मजा गायब आणि कोपऱ्यातला वेग जास्त. मग कोणती गाडी चालवून बघितलीत तुम्ही?

दाबाचंही तसंच. दरवाज्याच्या खांबावर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. टायर १० अंशांनी तापला की साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) चढतात. सकाळी ३२ वर असलेला टायर दुपारी ३८ वर गेला, तर रबराचा मधला भाग फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते आणि गाडी घसरते. मग दुपारची बॅच म्हणते, "मागून फार सुटते." सकाळची म्हणते, "रुळावरून चालल्यासारखी आहे." एकच गाडी!

बरं, मान्य, हा विक्रीचाच कार्यक्रम असतो, आणि बंद ट्रॅकवर १०० वरून पूर्ण ब्रेक मारायला शोरूमवाला कधीच देणार नाही. तेवढं श्रेय देते.

इन्स्ट्रक्टरवरही आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्याचा घसा बसला होता. अनोळखी माणसाच्या शेजारी, पायाखाली ब्रेक नसताना, दिवसभर बसायचं, वॉकीटॉकीवर "पुढची गाडी सोडा" ऐकायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा. स्पोर्ट मोडचा हुकूम वरून आलेला असणार. भाजीचा विनोद तेवढा त्याचा स्वतःचा होता.

फॉर्म हातात आला आणि पारा परत चढला. पाच प्रश्न: किती थरारक वाटलं, आवाज कसा वाटला, मित्रांना सांगाल का वगैरे. रिव्हर्स घेताना मागच्या जाड खांबाआडचं काही दिसतं का? नाक खाली असल्यामुळे उंचवट्याला तळ घासतो का? एकही प्रश्न नाही. काकांनी मात्र गाडी उभी केल्यावर दार अर्धंच उघडलं आणि तेवढ्या फटीतून उतरायचा प्रयत्न केला. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, शेजारी गाडी लागली की ते पूर्ण उघडत नाही. त्यांचा एक पाय बाहेर, डोकं छताला, हात सीटवर. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा सीट मागे सरकवून उतरले आणि खिशातल्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

उद्याच्या बॅचला जाणाऱ्यांनो, पातळ तळाचे बूट घाला. जाड रनिंग शूजमध्ये पेडल कळत नाही. आणि नॉर्मल मोड मागा. दोघं-तिघं मिळून मागा.