ब्लॉगवर ३० दिवसांत ५० हजार? पैसे भरण्याआधी हे वाचा

पलूसला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीनं परवा रात्री एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, आमच्या गटातल्या बऱ्याच जणी भरायला लागल्यात. मी पण भरू का?" मी सांगलीत वेबसाइट बनवून देण्याचं आणि त्या सांभाळण्याचं काम करतो, म्हणून विचारलं. हाच मेसेज याआधीही दोन-तीन ग्रुपवर दिसला होता आणि मी तो सोडून दिला होता. पण आता बचत गटातून अंतर्गत कर्ज काढून बायका ही फी भरायला निघाल्यात म्हटल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेज मोठा आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: घरबसल्या ब्लॉग सुरू करा, ३० दिवसांत ५०,००० रुपये थेट खात्यात. लिहिता येण्याची गरज नाही, एआय सगळं लिहून देतं. जाहिरातींवर क्लिक आपल्याच ग्रुपमधल्या २५० बहिणी करतील. पैसा परदेशातून येतो म्हणून टॅक्स लागत नाही. अफिलिएट लिंकमधून झोपेतही कमाई. गूगल अ‍ॅडसेन्सची मंजुरी आम्ही आणून देतो, फी फक्त ४,९९९. तीन मैत्रिणी जोडा, प्रत्येकीमागे १,००० रुपये परत.

आधी ते ३० दिवस बघू. अ‍ॅडसेन्स ही गूगलची २००३ पासून चालू असलेली योजना. तुमच्या ब्लॉगवर जाहिरातीसाठी जागा द्यायची, तिथं गूगल जाहिराती दाखवतं आणि जाहिरातदाराकडून आलेल्या पैशातला वाटा तुम्हाला देतं. पैसे कसे आणि कधी मिळतात हे गूगलच्या मदत-पानांवर स्वच्छ लिहिलंय, कुणीही उघडून वाचावं. ब्लॉगची तपासणी व्हायला काही दिवस, कधी दोन ते चार आठवडे लागतात. कमाई १० डॉलरवर गेली की तुमच्या घरच्या पत्त्यावर टपालानं एक पिन नंबर येतो, त्यालाही दोन-चार आठवडे. तो पिन टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि एकूण रक्कम १०० डॉलर झाली असेल तरच त्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. १०० डॉलरला कमी पडलं तर पैसे तिथंच साठत राहतात.

म्हणजे एखादीनं १ तारखेला ब्लॉग काढला, त्याच दिवशी मंजुरी मिळाली आणि त्याच दिवसापासून वाचकांची रीघ लागली असं धरलं, तरी पहिला रुपया पुढच्या महिन्याच्या २१ तारखेच्या आत निघतच नाही. ३० दिवसांत खात्यात पैसे ही गोष्ट गूगलच्याच वेळापत्रकात बसत नाही.

आता ५०,००० हा आकडा. जाहिरातीचा दर विषयाप्रमाणे, भाषेप्रमाणे, वाचक कुठला आहे त्याप्रमाणे बदलतो आणि मराठी पानांना तो इंग्रजीपेक्षा साधारणपणे कमीच असतो. तरी हिशेबापुरते हजार वाचनांमागे एक डॉलर धरा, आणि डॉलर ८५ रुपयांना. ५०,००० रुपयांसाठी जवळपास ५ लाख ९० हजार वाचनं लागतात, तीही दर महिन्याला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ५ लाखांच्या थोडी वर आहे. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांनी महिन्यातून एकदा तुमचा ब्लॉग उघडला तरी आकडा पुरा होत नाही. नवीन ब्लॉगला सुरुवातीचे कित्येक महिने दिवसाला पाच-दहा वाचक येतात, त्यातले निम्मे घरचेच असतात. हे मी रोज गिऱ्हाइकांच्या आकड्यांत बघतो.

या मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट मात्र २५० बहिणींनी एकमेकींच्या जाहिरातींवर क्लिक करण्याची आहे. "एकमेकींना साथ देऊ" असं गोड बोलून ती सांगितली आहे, म्हणून तर ती लगेच पटते. गूगलच्या नियमांत याला सरळ बंदी आहे. स्वतःच्या ब्लॉगवरच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नाही. दुसऱ्याला "क्लिक करा" म्हणून सांगायचं नाही. क्लिकच्या बदल्यात पैसे किंवा दुसरं काही द्यायचं नाही. ग्रुप करून फिरतं क्लिकिंग करायचं नाही. असं सापडलं की त्या कमाईतले पैसे कापून जाहिरातदाराला परत दिले जातात आणि खातं बंद होतं. या कारणानं खातं बंद झालं की सहसा पुन्हा त्या योजनेत घेतच नाहीत.

आणि हे सापडतंच. त्याच त्या २५० मोबाइलवरून, एकाच तालुक्यातून, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर त्याच ब्लॉगवर येऊन प्रत्येकजण जाहिरातीवर बोट ठेवतो आणि दोन सेकंदांत बाहेर पडतो. खरा वाचक असा वागत नाही. हे ओळखायला गूगलला माणूस बसवायला लागत नाही.

त्यातून कुणाचं नुकसान होतं ते बघा. जाहिरातीचे पैसे हवेतून येत नाहीत. ते देणारा कुणीतरी असतो. आपल्याच जिल्ह्यातला ठिबकचा दुकानदार असतो, मिरजेतला सतार बनवणारा कारागीर असतो, एखादं नवीन हॉटेल असतं. दिवसाला पाचशे रुपयांची जाहिरात लावून बसलेला तो माणूस फोन वाजायची वाट बघतो, आणि त्याचे पैसे अशा खोट्या क्लिकांत जातात. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला घ्यायची नसलेल्या माणसानं बोली चढवत राहावं, तसा हा प्रकार आहे. गूगल त्याला पैसे परत देईलही, पण जेवढं पकडलं तेवढंच. बाकीचा भार त्याच्याच डोक्यावर. गटातल्या बायका कष्टाचा पैसा ओळखणाऱ्या आहेत. दुसऱ्या कष्टकऱ्याच्या खिशात त्यांना हात घालायला लावणारा हा मेसेज आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

शिवाय ज्यानं हे लिहिलं त्याची माहितीसुद्धा जुनी आहे. अ‍ॅडसेन्स २०२४ च्या सुरुवातीपासून प्रामुख्यानं क्लिकवर नाही, तर जाहिरात दिसण्यावर पैसे देण्याच्या पद्धतीकडे वळणार, असं गूगलनं नोव्हेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. क्लिक शिकवणारा 'गुरू' एवढंही वाचत नसेल तर ४,९९९ रुपयांत तो काय शिकवणार?

एआयचं म्हणाल तर एआय वापरू नका असं गूगल म्हणत नाही, ते मीही म्हणणार नाही. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे लावून घ्यायला मी स्वतः वापरतो. पण मार्च २०२४ मध्ये गूगलनं स्पॅमचे नियम कडक केले. वाचकाला काही उपयोग नसलेली पानं ढिगानं तयार करायची, मग ती माणसानं लिहिलेली असोत की यंत्रानं, याला तिथं स्पॅम म्हटलंय. अशी पानं शोधात खाली ढकलली जातात किंवा दिसतच नाहीत.

मेसेजमध्ये नमुना म्हणून एका ब्लॉगची लिंक दिली होती, ती मी उघडली. पहिलाच लेख द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीच्या रोगाचा. औषधाचं लिटरला प्रमाण वर एक दिलंय आणि तीन परिच्छेद सोडून खाली दुसरंच. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची याचा उल्लेखही नाही. ज्या भागात निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश तपासला जातो, तिथं हे वाचून एखाद्यानं फवारलं तर आख्खा माल परत येऊ शकतो. लेखाखाली नाव कुणाचं? गावातल्याच एखाद्या बाईचं, जिनं तो लेख लिहिलाही नाही आणि बहुतेक वाचलाही नाही. गावात जाब विचारायला लोक तिच्या दारात येणार.

वर्तमानपत्रातल्या बातम्या "थोडे शब्द बदलून टाका" असंही त्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, एवढं सांगून पुढे जातो.

टॅक्सचा मुद्दा एका वाक्याचा आहे: भारतात राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न जगात कुठूनही आलं तरी ते इथं करपात्र असतं. उत्पन्नच कमी असेल तर कर भरावा लागणार नाही, पण ते उत्पन्न कमी आहे म्हणून. पैसे डॉलरमध्ये आले याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अफिलिएट म्हणजे तुमच्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की तुम्हाला कमिशन. ही पद्धत खरी आहे. पण अ‍ॅमेझॉनच्या या योजनेत पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद करतात, आणि स्वतःच्या लिंकवरून केलेली स्वतःची खरेदी धरत नाहीत. आपण कमिशन घेतोय हे वाचकाला सांगावं लागतं. झोपेत कमाई व्हायची तर आधी जागेपणी कुणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो वस्तू न वापरता लिहिलेल्या पाच ओळींवर कुणी ठेवत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट मला मान्य करावीच लागते. ब्लॉगवर पैसे मिळतात, मराठी ब्लॉगवरही मिळतात. अ‍ॅडसेन्स चालणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी आहे. ब्लॉगर ही सोय फुकट आहे, स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर वर्षाला हजाराच्या आसपास खर्च. अ‍ॅडसेन्सला अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही आणि मंजुरी 'आणून देणारा' एजंट गूगलनं नेमलेला नाही. एकच विषय धरून दोन-तीन वर्षं नेमानं लिहिणाऱ्या काहींचं विजेचं बिल, मुलांची फी त्यातून सुटते, हे मी पाहिलंय.

पण माझ्या पाहण्यात जाहिरातीवर अवलंबून असणाऱ्यांपेक्षा ज्यांच्याकडे विकायला स्वतःचं काही आहे त्यांना ब्लॉग जास्त पावतो. तासगाव भागातल्या एका बेदाणावाल्या कुटुंबाचं काम माझ्याकडे आहे. घरातली सून लिहिते. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवणं म्हणजे काय, शेडवर रॅकवर वाळायला किती दिवस लागतात, हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा यात फरक कशानं पडतो, पावसाची झड आली की काय होतं, हे सगळं फोटोसकट. भाषा एकदम साधी. जाहिरातीतून त्यांना जे मिळतं ते सांगण्यासारखं नाही. पण पुण्या-मुंबईची माणसं ते वाचतात, खाली दिलेल्या नंबरला फोन करतात आणि पाच-पाच किलो मागवतात. दलाली मध्ये नाही. दिवाळीच्या आधी त्यांना पॅकिंगला माणसं लावावी लागतात. हाच मार्ग पापड-चटणी करणाऱ्या गटाला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंना मोकळा आहे. यात कुणाला फी द्यायची नाही आणि कुणाला जोडायचंही नाही.

आता ते तीन मैत्रिणी जोडण्याचं, प्रत्येकीमागे १,००० रुपयांचं. ज्यांना पैसे 'मिळाले' त्यांचे स्क्रीनशॉट मेसेजसोबत फिरतायत. ते पैसे खरेही असतील. पण ते ब्लॉगचे नाहीत, नंतर आलेल्या बाईच्या ४,९९९ मधले आहेत. नवीन बायका भरायच्या थांबल्या की ते थांबतात आणि तळातल्या सगळ्यांचे पैसे जातात. १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदीचा कायदा अशा पैसे फिरवण्याच्या योजना चालवणाऱ्याला तर धरतोच, पण त्यात सभासद होण्यालाही मनाई करतो. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही अशी साखळी बेकायदा आहे. वरचा माणूस फक्त एक मोबाइल नंबर आहे, तो उद्या बंद होईल. मैत्रिणींना जोडणारी मात्र त्याच गल्लीत राहणार आहे, आणि पुढच्या महिन्यात हप्ता भरायला त्याच गटाच्या बैठकीला जाणार आहे.

ज्यांनी अजून भरले नाहीत त्यांनी भरू नका. गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी या कारणासाठी कर्ज मंजूर करू नये, आणि कुणी आग्रह धरलाच तर कंपनीची नोंदणी, पत्ता आणि फीची पावती आधी मागावी. ज्यांनी भरलेत त्यांनी ग्रुप सोडण्याआधी सगळ्या गप्पांचे, त्या नंबरचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्रुप सोडला की पुरावा हातचा जातो. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही लगेच कळवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५ नंबर आहे. पोलीस ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर चार-पाच जणी मिळून जा आणि एकच अर्ज द्या. अर्ज लिहायला मदत लागली तर मी करीन, त्याचे पैसे नाहीत.