पाच डॉलरचे एक मत, आणि आपण बेने इस्राएल

२०२५ च्या एप्रिलमध्ये, पेसाख या ज्यू सणाच्या आधीच्या रविवारी, न्यू जर्सीतील आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या आईने जागतिक झायनिस्ट काँग्रेसच्या, म्हणजे जगभरच्या ज्यू प्रतिनिधींच्या सभेच्या, निवडणुकीत मत दिले. तिचे वय एक्क्याऐंशी, जन्म रेवदंड्याचा. उमेदवारांच्या सगळ्या याद्यांची नावे तिने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली आणि पाच डॉलरचे शुल्क माझ्या कार्डावर न घालता स्वतःच्या पर्समधले कार्ड काढून भरले. त्या आठवड्यात मी ओळखीच्या अकरा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या, कुटुंबांना फोन केले. त्यांपैकी नऊ घरांत अशी काही निवडणूक असते हेच कुणाला ठाऊक नव्हते. ही गोष्ट तेव्हापासून मनाला लागून राहिली आहे.

ही काँग्रेस १८९७ साली झायनिस्ट चळवळीचे, म्हणजे ज्यूंच्या मायभूमीसाठीच्या चळवळीचे, नेते हर्झल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे प्रथम भरवली आणि दुसऱ्याच वर्षी तिने स्त्रियांना मताधिकार दिला. आज तिच्या पाचशेहून अधिक प्रतिनिधींमध्ये अमेरिकेचे १५२ असतात. जागतिक झायनिस्ट संघटना, स्थलांतरितांना इस्राएलमध्ये वसवणारी ज्यूइश एजन्सी, देणग्या गोळा करणारी केरेन हायेसोद आणि इस्राएलमधील सुमारे १३ टक्के जमीन ताब्यात असणारा ज्यूइश नॅशनल फंड या संस्थांच्या कारभारात कोण बसणार, हे बरेचसे या प्रतिनिधींच्या संख्याबळावर ठरते. ज्यूइश एजन्सीच्या असेंब्लीतील निम्म्या जागा तर थेट झायनिस्ट संघटनेच्याच आहेत. या सगळ्यांचा वर्षाचा व्यवहार मिळून एक अब्ज डॉलरच्या घरात जातो. नव्याने येणाऱ्यांची व्यवस्था, शाळांची मदत, कोणत्या पंथाच्या सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनागृहाला) निधी, असे प्रश्न त्यातून सुटतात किंवा अडतात.

आपल्यासाठी या संस्था परक्या नाहीत. मुंबईतील बेने इस्राएल पुढाऱ्यांना पहिल्या काँग्रेसचे निमंत्रण आले होते. परमेश्वर आपल्या हाताने आम्हाला सियोनला (जेरुसलेमला) नेईल, त्याची आम्ही वाट पाहत आहोत, या भावनेने त्यांनी ते नाकारले. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण पुढे काय झाले तेही पाहावे. १९५१-५२ मध्ये इस्राएलमध्ये स्थायिक झालेले आपले लोक बीरशेबाहून येऊन तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या दारात धरणे धरून बसले आणि आम्हाला भारतात परत पाठवा असे म्हणाले. काही कुटुंबे खरोखरच परत आली. १९६२ मध्ये इस्राएलच्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) मुख्य पीठाने आपल्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) आपण सर्वार्थाने ज्यू आहोत असे म्हटले, ते जेरुसलेमच्या रस्त्यावर आपल्या माणसांनी ठाण मांडल्यानंतर. ज्या खोल्यांत निर्णय होत होते, तिथे आपल्या बाजूने बोलणारे फार थोडे होते, आणि म्हणून प्रत्येक वेळी दाराबाहेर बसावे लागले.

माझा एक मामेभाऊ म्हणतो की आजच्या इस्राएल सरकारचे धोरण त्याला पटत नाही, म्हणून तो या भानगडीत पडत नाही. मला हे उलटे वाटते. क्नेसेटसाठी आपल्याला मत नाही. परदेशस्थ ज्यू माणसाला मत नोंदवता येते ते इथेच, आणि याद्यांमध्ये सरकारचे कट्टर समर्थक आहेत तसे कडवे टीकाकारही आहेत. जेरुसलेम कार्यक्रम, म्हणजे मत देताना मान्य करावी लागणारी झायनिस्ट चळवळीची तत्त्वे, ज्यांना मुळातच मान्य नाही, त्यांना तो स्वीकारल्याची सही करता येणार नाही, आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. पण ज्यांना तो मान्य आहे, आणि तरीही ज्यांनी केवळ कंटाळा केला, त्यांना मी मनापासून दोष देतो.

अमेरिकेत सुमारे ५८ लाख प्रौढ ज्यू आहेत आणि २०२५ मध्ये मते पडली दोन लाखांहून थोडी अधिक. म्हणजे एका प्रतिनिधीमागे जेमतेम दीड हजार मते. आपला समाज लहान आहे हे खरे, परंतु या हिशेबात लहान समाजाचेही वजन पडते. अनेक देशांत मतदान होतच नाही, संघटना आपसात जागा वाटून घेतात. तिथल्या आपल्या नातेवाइकांना ही संधी मिळतच नाही. पुढच्या खेपेस, याद्या तयार होत असतानाच, प्रत्येक यादीच्या प्रमुखांना आपण विचारले पाहिजे की तुमच्याकडे आपल्यातले एखादे ‘कर’ने संपणारे आडनाव वरच्या क्रमांकांवर आहे का, आणि नसेल तर का नाही. हा प्रश्न आपल्या मशिदीच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, वार्षिक सभेत आधी चर्चेला यावा, अशी माझी विनंती आहे.

काँग्रेस साधारण पाच वर्षांनी भरते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, अमेरिकेत कायम राहणाऱ्या प्रत्येकाची नावे मी एका वहीत लिहायला घेतली आहेत. ज्या वडीलधाऱ्यांना संगणकावर नोंदणी करणे अवघड वाटते, त्यांनी मला निरोप द्यावा. त्यांच्या सोयीने एखाद्या रविवारी मी घरी येईन, आणि आईही सोबत येईन म्हणते आहे.