१९४१ नंतर टँगो कोणी वाजवलाच नाही का?

मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचाला जावं आणि डीजेने काय लावावं? त्याच जुन्या ऑर्केस्ट्रा-प्रमुखांच्या तबकड्या: दारिएन्झो, १९३७. मग दि सार्ली. मग त्रॉइलो, १९४१. मग काहीतरी वेगळं हवं म्हणून... पुन्हा दारिएन्झो!

अहो, बुएनोस आइरेसमध्ये आजही ऑर्केस्ट्रा जिवंत आहेत. बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो, डबल बेस असा सगळा लवाजमा स्टुडिओत नेऊन नवी रेकॉर्डिंग करतात. रोमांतिका मिलोंगेरा घ्या. ला हुआन दारिएन्झो तर त्याच लाडक्या दारिएन्झोच्या ढंगात वाजवते. तरी नको! "नवीनवर नाचता येत नाही हो." ऐकलंय का? नाही. पण नाचता येत नाही!

जुन्या तबकडीत व्हायोलिन बादलीत बसून वाजवल्यासारखं येतं, वर सुईची खरखर, आणि मंडळी डोळे मिटून "अहाहा, काय साऊंड!" तेच एखादा स्वच्छ, नवा तांदा, म्हणजे सलग चार गाण्यांचा संच, लागू द्या. चारही गाणी होईपर्यंत अख्ख्या हॉलला तहान लागते. कोणाच्या बुटाचा पट्टा सुटतो, कोणाला फोन येतो. नजरेने "नाचायचं का?" विचारावं, तर समोरची व्यक्ती छताचं प्लास्टर तपासतेय.

बुटांवर मात्र हा खर्च! अल्बम? तो फुकट लिंकवर हवा. आणि २००९ मध्ये युनेस्कोने टँगोला वारसा यादीत घेतलं म्हणून छाती फुगवणारे हेच.

१९३७ मध्ये दारिएन्झोही नवाच होता की! तेव्हा लोक "१९०७ चंच लावा" म्हणत बसले असते तर?