हॅरी जेमला एका ओळीत गुंडाळलंत
तुमच्या लेखातलं ‘लॉन टेनिस मेजर विंगफील्डने शोधलं’ हे वाक्य खटकलं. पेटंट १८७४ला त्याने घेतलं हे खरं, पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा सॉलिसिटर (वकील) हॅरी जेम आणि त्याचा स्पॅनिश व्यापारी मित्र परेरा हे दोघं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्याच एजबॅस्टन भागात परेराच्या घरच्या हिरवळीवर हेच खेळत होते, पुढे लेमिंग्टन गावी दोन डॉक्टरांना धरून क्लबही काढला त्यांनी.

आणि हौशी खेळाडू म्हणजे सगळे रिकामटेकडे श्रीमंत असं जे लिहिलंय ते तर अजिबातच नाही पटलं. जेम मॅजिस्ट्रेटांचा क्लार्क (कोर्टातला कायदेशीर कामकाज बघणारा अधिकारी) होता, कामधंदा सांभाळून खेळायचा, एकदा तर बर्मिंगहॅमहून वॉरिकपर्यंत २१ मैल पळत गेलेला. गंमत बघा, जन्म कायद्याच्या कागदात गेला तरी पेटंट काही याने घेतलं नाही!