‘बारा व्होल्टच्या गाडीला पीडब्ल्यूएम पुरे’ हे खरे नाही

गाडीचा कॅम्पर, म्हणजे फिरते घर, करून घेणाऱ्या मंडळींमध्ये टपावरच्या सोलर पॅनलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या कंट्रोलरबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय. पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी हे या कंट्रोलरचे दोन प्रकार: पहिला साधा आणि स्वस्त, दुसरा महाग. मेसेजचा मथितार्थ असा: ‘गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पुरतो. एमपीपीटीला तिप्पट पैसे मोजून मिळतात फार तर पाच-दहा टक्के. घेताना फक्त ॲम्पिअर बघा. लिथियमलाही तोच चालतो.’ हे वाचून लोक खरेदी करताहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी त्यात खरे आहे तेवढे मान्य करू. ३६ सेलचा १०० वॅटचा पॅनल कागदावर १८ व्होल्टला सर्वाधिक वीज देतो. मे महिन्यात टपावर तो सहज ६५ अंशांपर्यंत तापतो आणि ते १८ व्होल्ट १५ वर येतात. तारेतली घट धरली, तर बॅटरीला हवे असतात तेवढेच उरतात. मग एमपीपीटीने मिळवायचे काय? दोन एलईडी दिवे, एक छोटा पंखा आणि मोबाइल एवढाच संसार असेल, तर पीडब्ल्यूएम खुशाल घ्या.

पण आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर बहुतेक वेळा घराच्या छपरावर बसतो तोच ७२ सेलचा मोठा पॅनल चढतो. वॅटमागे तो स्वस्त पडतो आणि कुठेही मिळतो. ३३५ वॅटच्या अशा पॅनलचे मागचे लेबल वाचा. साधारण ३८ व्होल्ट, ८.८ ॲम्पिअर. पीडब्ल्यूएम हा मुळात वेगाने चालू-बंद होणारा स्विच आहे. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, पण ॲम्पिअर वाढवत नाही. म्हणजे ९ ॲम्पिअर गुणिले १३ व्होल्ट, जेमतेम ११७ वॅट. ३३५ चे पैसे देऊन जवळजवळ दोनतृतीयांश वीज टपावरच राहिली! एमपीपीटी तेच जादा व्होल्ट ॲम्पिअरमध्ये बदलतो आणि चांगल्या उन्हात २४ ॲम्पिअरच्या आसपास देऊ शकतो. टप तापला की हा आकडा उतरतो, तरी ९ च्या दुपटीहून वर राहतो. ‘पाच-दहा टक्के’ हा हिशेब छोट्या पॅनलचा, आणि तोही फक्त उन्हाळ्यातला. तो सगळ्यांच्या गळ्यात बांधणे चूक आहे.

एक शंका मात्र रास्त आहे: बाजारात नाव एमपीपीटी आणि आत पीडब्ल्यूएम असा माल खरोखरच मिळतो. माझ्या एका मित्राने असाच एक घेतला होता. निळी प्लास्टिकची डबी, यूएसबीची दोन भोके, पुढे मोठ्या अक्षरांत एमपीपीटी. हातात घेतली तर मोबाइलपेक्षा हलकी. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि मागे ॲल्युमिनियमचे पंख, त्यामुळे तो हाताला जड लागतो. दुपारी १२ वाजता, बॅटरी निम्मी रिकामी असताना, आम्ही मल्टिमीटर कंट्रोलरच्या पॅनलकडच्या टोकांना लावला. आकडा आला १३.४. बॅटरीवरही १३.३. निकाल लागला. एमपीपीटी खरा असता, तर त्या मोठ्या पॅनलवर तीसच्या पुढचा आकडा दिसला असता. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. परत करण्याची मुदत संपायच्या आत ती कराच.

आता ‘फक्त ॲम्पिअर बघा’. मेसेजमधले सर्वांत घातक वाक्य हेच. ॲम्पिअर थोडे कमी पडले, तर चांगला एमपीपीटी आपल्या मर्यादेवर थांबतो आणि वरचे घेत नाही. थोडी वीज बुडते, एवढेच. व्होल्ट मर्यादेबाहेर गेले की कंट्रोलर जळतो, आणि त्याला वॉरंटीही सहसा मिळत नाही. समजा, वर सांगितलेले दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडले. भार नसताना प्रत्येकी ४६, मिळून ९२ व्होल्ट. १०० व्होल्टचा कंट्रोलर पुण्यात, नाशकात, गोव्यात वर्षानुवर्षे चालेल. तीच गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पीतीला गेलात आणि पहाटे उणे १० अंशांत पहिले ऊन पडले, तर? लेबलवरचे आकडे २५ अंशांचे असतात. त्याखाली दर अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के वाढते. ३५ अंशांचा फरक म्हणजे साडेदहा टक्के. ९२ चे जवळजवळ १०२ होतात. कंट्रोलर जातो तो अशा लख्ख, गोठलेल्या सकाळी, आणि तेव्हा दुकान शेकडो किलोमीटर लांब असते. तेव्हा आपल्या प्रवासातली सर्वांत थंड सकाळ धरून व्होल्टेजचा हिशेब करा. नाहीतर पॅनल पॅरलल जोडा, म्हणजे व्होल्टची बेरीज होत नाही. टपावर कॅरियरची किंवा एसीची सावली पडत असेल, तर तेच बरे.

राहिले लिथियम. साधे कंट्रोलर लेड-ॲसिड बॅटरी गृहीत धरून बनवलेले असतात. थंडी वाढली की ते चार्जिंगचे व्होल्टेज आपोआप वाढवतात, बहुतेकांत दर अंशाला १८ ते ३० मिलिव्होल्ट. लेड-ॲसिडला ते हवेच असते. पण शून्य अंशाला १४.४ चे १५ च्या आसपास होतात, आणि चार सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची कमाल मर्यादा आहे १४.६. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीतले संरक्षक सर्किट, चार्जिंग तोडतो. इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) चालू असेल, तर उन्हाळ्यातही हेच होईल. म्हणून लिथियमसाठी या दोन्ही गोष्टी बंद करता येतील असाच कंट्रोलर हवा. शिवाय सेल शून्याखाली असताना चार्जिंग थांबले पाहिजे. नाहीतर आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. बीएमएसमध्ये ही सोय आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. नसेल, तर बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर असलेला आणि शून्याखाली चार्जिंग थांबवणारा कंट्रोलर घ्या आणि बॅटरी गाडीच्या खाली टांगण्याऐवजी आत, सीटखाली ठेवा.